माडी करकरते म्हणून स्लॅब टाकायची घाई करू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. देवरुखजवळ आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे, वर सागवानी माडी. माकडांच्या त्रासाला कंटाळून दोन वर्षांपूर्वी कौलं उतरवलीत आणि जुन्याच वाशांवर लोखंडी पाइप टाकून पत्रा घातलात. त्याच वेळी माडीच्या भिंतींना आतून सिमेंटचं प्लास्टर झालं. तेव्हापासून माडीवर चाललं की करकर होते, आणि दिवेलागणीनंतर वर कोणी नसतानाही टक टक, मध्येच एखादा मोठा कट्ट असा आवाज येतो. आई एकट्या राहतात, त्यांना झोप लागत नाही. शेजारी म्हणतात पूजा घालून घराची शांती करून घ्या, ठेकेदार माडी काढून स्लॅब टाका म्हणतो. आणि तुम्ही विचारता की हा आवाज कायमचा बंद कसा करायचा.

मी कोकणातल्या आणि घाटावरच्या जुन्या लाकडी घरांची दुरुस्ती करतो, वडीलही हेच करत. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न आवाज बंद करण्याचा नाहीच. घर धोक्यात आहे का, हा पहिला. आणि नसेल, तर लाकडाची कोणती हालचाल थांबवायची आणि कोणती चालू राहू द्यायची, हा दुसरा. हे दोन गोंधळले की लोक सगळं घट्ट आवळून टाकतात आणि पुढच्या पावसाळ्यात फळ्या फुगून वर उठतात. घर प्रत्यक्ष न बघता ‘काही होत नाही’ असं छातीठोकपणे मी सांगणार नाही, कुणी सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. पण तुमच्या वर्णनावरून दिसतंय ते असं की आवाज एक नाही, निदान दोन आहेत, दोघांची कारणं वेगळी आहेत, आणि दोन्हींचं मूळ त्या दोन वर्षांपूर्वीच्या कामात असण्याची शक्यता बरीच आहे.

आधी आवाज होतो कसा ते बघू. लाकूड वाकलं म्हणून सहसा आवाज येत नाही. दोन गोष्टी एकमेकींवर घासतात तेव्हा येतो. फळी खिळ्यावर, फळी शेजारच्या फळीवर, कडी (फळ्यांखालचं आडवं लाकूड) तुळईवर (कड्या पेलणाऱ्या जाड लाकडावर), पायरी बाजूच्या फळीच्या खाचेत. घासताना त्या सरळ सरकत नाहीत. थोडं अडकतात, ताण साठतो, मग एकदम सुटतात, पुन्हा अडकतात. व्हायोलिनच्या तारेवर राळ लावलेला गज फिरतो तेव्हा हेच घडतं. फरक इतकाच की माडीची फळी मोठी आणि पोकळ जागेवर बसलेली असल्यामुळे अर्धा मिलिमीटर हालचालीचा आवाजही घरभर ऐकू जातो. म्हणून आवाजाच्या मोठेपणावरून धोक्याचा अंदाज बांधू नये. फार मोठ्याने करकरणाऱ्या माड्याही ठणठणीत असू शकतात. उलट कुजलेलं लाकूड मऊ पडल्यामुळे बऱ्याचदा गप्प असतं, आणि मला काळजी त्याची जास्त वाटते.

आता ही हालचाल येते कुठून? लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. कोकणात आषाढ-श्रावणात हवा महिनोन्‌महिने दमट असते, तेव्हा घरातल्या लाकडात वजनाच्या १७-१८ टक्के ओल असते. माघ-फाल्गुनात ती ११-१२ टक्क्यांवर येते. घाटावर, पुण्या-साताऱ्याकडे उन्हाळ्यात तर ७-८ पर्यंत उतरते. ओल कमी झाली की लाकूड आखडतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच; रुंदीत मात्र चांगलं जाणवेल इतकं. आडव्या चिरेची नऊ इंची सागवानी फळी घेतलीत तर गणपतीपासून शिमग्यापर्यंत ती दोन-अडीच मिलिमीटर अरुंद होते. साग तरी शांत लाकूड आहे. ऐन आणि किंजळ याहून जास्त आखडतात, पिळतात, तडकतात. तुमच्या माडीच्या फळ्या सागाच्या असल्या तरी खालच्या कड्या ऐन-किंजळीच्या असू शकतात, आपल्याकडे असं मिश्रण सर्रास असतं. ते विळ्याने थोडं खरवडून जाणत्या सुताराला दाखवा.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. कोणत्या ऋतूत आवाज जास्त येतो त्यावरून तो कुठून येतो हे बरंचसं कळतं. शिमग्याला येता तेव्हा करकर जास्त आणि गणपतीला कमी असेल, तर फळ्या आखडून खिळ्यांवर सैल झाल्या आहेत. गणपतीला जास्त असेल आणि आवाज कोरडा ‘कट्’ नसून ओढल्यासारखा ‘चर्र’ असा असेल, तर फळ्या फुगून एकमेकींच्या कडांवर घासताहेत. दोन्ही ऋतूंत सारखाच असेल, तर फळ्या सोडा आणि खालचे सांधे तपासा. तुम्ही लोक गावी नेमके या दोन सणांना जाता, त्यामुळे निरीक्षण आपोआप होतं. फक्त लिहून ठेवायला हवं. आईंना विचारलंत तर त्या हे आत्ताही सांगू शकतील. घरात राहणाऱ्या माणसाचा कान फार अचूक असतो.

आता तुमच्या घराचं. ठेकेदाराने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एक मंगलोरी कौल साधारण दोन-अडीच किलोचं. चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात, म्हणजे कोरडं वजनच तीस-पस्तीस किलो, पावसात भिजलं की आणखी जड. पत्र्याचं वजन त्याच जागेत चार-पाच किलो. जुन्या घरांचे सांधे बोल्टने आवळलेले नसतात. खांबाच्या डोक्यावरचा दांडा तुळईच्या भोकात बसवलेला असतो, वासे आढ्यावर (छपराच्या शेंड्याच्या लाकडावर) आणि भिंतीच्या डोक्यावरच्या लाकडावर खाच मारून टेकवलेले असतात, फार तर एखादी लाकडी खुंटी ठोकलेली असते. हे सगळं एकमेकांत दाबून धरायचं काम करत होतं ते कौलांचं वजन. आजोबांच्या काळापासून तो दाब होता, दोन वर्षांपूर्वी तो एका आठवड्यात उतरला. वाकलेले वासे थोडे सरळ झाले, सांध्यांत फट आली. आता वारा पत्र्याखाली शिरला की छप्पर केसभर उचललं जातं आणि परत बसतं. तो मोठा ‘कट्ट’ वाऱ्याच्या वेळी येत असेल तर कारण हेच असण्याचा माझा पहिला अंदाज आहे. हे नुसतं आवाजापुरतं नाही. हलकं छप्पर वादळात उचललं जातं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे पाइपांसकट उडालेले लोकांनी बघितले आहेत, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळूनच वर गेलं.

दुसरं, पत्रा तापतो. दुपारी उन्हात तापलेला वीस फुटी पत्रा सूर्य गेल्यावर ३५ अंशांनी थंड झाला तर अडीच मिलिमीटर आखडतो. पाइपही लोखंडाचाच, तोही आखडतो. खालचा लाकडी वासा मात्र त्याच उष्णतेने लांबीत याच्या निम्म्यानेही हलत नाही. मग स्क्रूजवळ पत्रा अडकतो, ताण साठतो, टक् करून सुटतो. असे शंभर-दीडशे स्क्रू असले की दिवेलागणीपासून दोन-तीन तास टकटक चालूच. हा आवाज ओळखायची खूण सोपी आहे: ऊन कडक पडलं त्या दिवशी जास्त, ढगाळ दिवशी कमी, मुसळधार पावसात जवळजवळ नाही, आणि पहाटेपर्यंत शांत. सकाळी ऊन चढताना पुन्हा थोडा. आईंना एवढं सांगून बघा आणि आठवडाभर त्यांनाच लक्ष ठेवायला सांगा. आवाज उन्हाच्या मागोमाग येतो हे त्यांचं त्यांना दिसलं की भीती निम्म्याने कमी होईल. माझ्या अनुभवात हा उपाय सगळ्यात लवकर लागू पडतो.

तिसरं, कौलांच्या फटींतून माडीला वारा लागत होता, पत्र्याखाली माडी भट्टीसारखी तापते. म्हणजे उन्हाळ्यात फळ्या पूर्वीपेक्षा जास्त वाळतात, जास्त आखडतात, खिळे जास्त सैल होतात. चालताना होणारी करकर याच दोन वर्षांत का वाढली त्याचं उत्तर बहुधा इथे आहे.

पण हे अंदाज झाले. खात्री करायला एक पूर्ण दिवस काढा. दोन माणसं, एक खडू, एक चांगली बॅटरी, एक स्क्रूड्रायव्हर आणि सुताची दोरी एवढं पुरे. एकाने माडीवर अनवाणी, सावकाश, टाच टेकवत प्रत्येक फळीवरून चालायचं, जिथे आवाज येईल तिथे खडूने फुली मारायची. वजन फळीच्या मधोमध टाकलं तर येतो, की कडेला, की खाली कडी असेल तिथेच, हेही लिहायचं. दुसऱ्याने खाली माजघरात शिडीवर उभं राहून त्याच जागी फळी आणि कडी यांच्या सांध्यावर बोट ठेवायचं. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. फळी खाली-वर होते आणि कडी स्थिर आहे, तर गोष्ट किरकोळ. फळी आणि कडी दोन्ही एकत्र लवतात आणि आवाज भिंतीकडून येतो, तर तिथे थांबा आणि कडीचं टोक नीट तपासा.

कडीची आणि तुळईची भिंतीत गेलेली टोकं, हीच माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची जागा. चिरा पाणी पितो. पूर्वी भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असायचा, त्यातून ओल बाहेर पडायची. तुम्ही आतून सिमेंट केलंत. बाहेरच्या बाजूने पावसाचं पाणी चिऱ्यात शिरणार आणि आतून त्याला वाट नाही, तेव्हा ते लाकडाच्या टोकात साठतं. दोन वर्षांत लगेच कुजलं असेलच असं नाही, पण सुरुवात झाली असू शकते. स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीलगत कडीत खुपसून बघा. चांगल्या सागात ते दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि काढताना लांब धसकट निघतं. कुजलेल्यात बोटभर आत जातं आणि भुगा किंवा चौकोनी तुकडे निघतात. मग हातोडीने ठोकत भिंतीपासून मध्यापर्यंत या. टणटणीत आवाज एकदम बद्द झाला तर तिथे आत काहीतरी गेलं आहे. जिथे टोक बरं आहे तिथेही भिंतीत त्याच्या दोन बाजूंचं सिमेंट बोटभर खरवडून मोकळं करा, लाकडाला हवा मिळू द्या. बाहेरून वळचणीचं पाणी भिंतीवर येत असेल तर ते आधी थांबवा. यावर काही खर्चिक उपाय लागत नाही, आणि माडीचं आयुष्य मात्र यावरच ठरतं.

तुळई वाकलेली दिसली म्हणून घाबरू नका. लाकूड वर्षानुवर्षं वजनाखाली राहिलं की हळूहळू बाक धरतं, तो बाक जुना असेल तर काही बिघडत नाही. नवा बाक वाईट. म्हणून दोन्ही टोकांना खिळे मारून तुळईखाली दोरी ताणा, मध्यभागी दोरी आणि लाकूड यांच्यातलं अंतर मोजा आणि तारखेसह तिथेच पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या सणाला पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे ऋतूमुळे होतं. प्रत्येक वेळी वाढतच गेलं, किंवा तुळईच्या खालच्या अंगाला रेषांना आडवी तिरकी चीर दिसली, किंवा खांब तळखड्यावरून (खालच्या बैठकीच्या दगडावरून) सरकल्यासारखा वाटला, तर तो सुताराचा विषय राहत नाही. खाली टेकू लावा, वरची वर्दळ बंद करा आणि जुन्या लाकडाचं काम केलेल्या अभियंत्याला बोलवा. लाकडाच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या उभट भेगा मात्र जवळपास प्रत्येक जुन्या तुळईला असतात, त्या वाळतानाच्या भेगा आहेत. त्यांत सिमेंट किंवा लांबी (पुट्टी) भरू नका.

झोपाळा आहे का तुमच्याकडे? तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक घरांत असतो. राजापूरकडच्या एका घरात दुपारी माडीवर कोणी नसताना ठरावीक लयीत कुईं-कट्, कुईं-कट् असा आवाज यायचा, घरातली सून त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती. खाली ओटीवर झोपाळा होता. झोपाळ्याचे आकडे ज्या तुळईत होते तिचं एक टोक खांबाच्या डोक्यावर सैल बसलं होतं, आणि आजोबा जेवून झोपाळ्यावर बसले की वरच्या खोलीतल्या फळ्या त्या तुळईवर घासायच्या. फटीत सागाची पातळ पाचर बसवली, आकड्याच्या भोकात पितळी वाळा घातला, आवाज थांबला. सांगायचं कारण असं की आवाज जिथे ऐकू येतो तिथेच त्याचं मूळ असतं असं नाही. लाकूड आवाज लांबपर्यंत वाहून नेतं.

आता फळ्यांची दुरुस्ती. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात म्हणून थोडं बारकाईने सांगतो.

जुना खिळा पुन्हा ठोकून काही होत नाही. त्याचं भोक मोठं झालेलं असतं, दोन महिन्यांत तो परत वर येतो. स्क्रूच हवा, आणि समुद्राची हवा तसंच सागाच्या अंगातला अर्क लक्षात घेता स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा. साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि भोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं. इंचभर जाडीच्या फळीला अडीच इंची, दहा नंबरचा स्क्रू पुरतो. आता महत्त्वाचं: भोकं दोन मापांची पाडायची. फळीत स्क्रूच्या जाडीपेक्षा थोडं मोठं, सहा मिलिमीटरचं, म्हणजे फळीत आटे अजिबात पकडणार नाहीत. कडीत तीन मिलिमीटरचं, म्हणजे आटे फक्त तिथे पकडतील. तरच फळी कडीवर खेचली जाते. एकाच मापाचं भोक पाडलं तर आटे फळीतही पकडतात आणि फट आहे तशीच राहते. स्क्रू घट्ट, फळी मात्र सैल. शिवाय ते सहा मिलिमीटरचं भोक फळीला ऋतूप्रमाणे हलायला जागा देतं. रुंद फळीच्या दोन्ही कडांना स्क्रू मारून तिला जखडू नका, ती आखडताना मधून फाटेल. मध्याच्या आसपास एक-दोन इंचांवर दोन स्क्रू मारा. डोकं खोल बुडवून वर त्याच लाकडाची गुल्ली बसवली की दिसतही नाही.

स्क्रू फळीला खेचून घेत नसेल, म्हणजे फळी पिळली आहे किंवा कडी त्या जागी खाली गेली आहे, तर खालून पाचर लावायची. सागाची, लांब आणि पातळ निमुळती, हाताने आत ढकलता येईल तेवढीच. हातोडीने ठोकलीत तर फळी उचलली जाऊन शेजारची सैल होते आणि आवाज एका फळीने पुढे सरकतो. पाचर फक्त कडीला चिकटवा, फळीला नाही.

फळ्या एकमेकींच्या कडांवर घासत असतील तर स्क्रूचा उपयोग नाही. तिथे फटीत शंखजिऱ्याची पूड (टाल्कम पावडर) किंवा मेणबत्तीचं मेण घासून भरा, पातळ पट्टीने आत सारा. तेल ओतू नका. ते धूळ धरून चिकट होतं आणि डाग पडतात. फेविकॉल, लांबी, फुगणारा फोम हे फटीत अजिबात नको. उन्हाळ्यात फट भरलीत तर पावसाळ्यात फळीला फुगायला जागाच उरत नाही. अगदीच घट्ट घासत असेल तर पावसाळ्यात खूण करून ठेवा आणि नंतर रंधा फिरवून कडा केसभर कमी करा.

चालताना फळी करकरत नाही पण माडीच हिंदकळते, कपाटातली भांडी वाजतात, असं असेल तर दोन कड्यांच्या मध्ये, लांबीच्या मध्यावर, त्याच उंचीचे लाकडी ठोकळे आडवे घट्ट बसवा आणि ओळीने सगळीकडे बसवा. एका कडीवरचं वजन शेजारच्या दोघींवर वाटलं जातं, हिंदकळणं लगेच कमी होतं. कडी फारच बारीक असेल तर तिच्या शेजारी दुसरी कडी लावून बोल्टने जोडायची. जिन्याचं सोपं आहे: पायरीच्या आडव्या आणि उभ्या फळीच्या कोपऱ्यात खालून त्रिकोणी ठोकळा चिकटवून स्क्रू मारायचा, बहुतेक जिने तेवढ्यात गप्प होतात.

छपराचं काम मात्र नीट करून घ्या. प्रत्येक वासा भिंतीच्या डोक्यावरच्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला लोखंडी पट्टीने बांधलं गेलं पाहिजे. भिंतीत पट्टी दोन-तीन थर खाली नेऊन अडकवायची, वरच्याच चिऱ्यात खिळा मारून नाही. पाइप आणि वासा यांच्यामध्ये आणि पाइप आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी टाका. पत्र्याची स्क्रूची भोकं थोडी मोठी, वर रबरी वॉशर, आणि स्क्रू वॉशर चपटा होईपर्यंत पिळायचा नाही. याने टकटक पूर्ण थांबणार नाही, पण बरीच उतरेल. जमत असेल तर पत्र्याखाली लाकडी पट्ट्यांची तक्तपोशी करा आणि आढ्याजवळ व वळचणीला हवा खेळायला जाळी ठेवा. माडीची उष्णताही कमी होईल आणि फळ्याही कमी वाळतील. मला विचाराल तर पत्र्यावरच कौलं परत चढवणं हा उत्तम मार्ग: पाण्याची काळजी पत्रा घेतो, माकडांनी कौलं फोडली तरी गळत नाही, आणि वजन परत येतं. पण वाशांची आणि पाइपांची तपासणी झाल्याशिवाय ते करू नका, आणि खर्चही बघावा लागेल.

एक आवाज तुम्ही लिहिलेला नाही, पण नक्की ऐका. कोणी चालत नाही, ऊन-वारा नाही, आणि मध्यरात्री एकाच लाकडातून बारीक, सलग कुरकुर येते, खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसतो: हा किडा आहे. सागाच्या आतल्या तपकिरी लाकडाला तो सहसा लागत नाही, कडेच्या फिकट भागाला लागतो. भुसा झाडून टाका, खाली काळा कागद पसरा आणि आठवड्याने बघा; पुन्हा पडला तर कीड जिवंत आहे, औषध भरून घ्यावं लागेल. वाळवीचा आवाज सहसा येत नाही, तिच्या मातीच्या नळ्या भिंतीवर शोधा. काजूच्या टरफलांचं तेल आपल्याकडे पूर्वीपासून लावतात, ते चांगलं आहे, पण कातडी भाजतं, हातमोजे घालून लावा.

स्लॅबबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लाकडी माडीच्या जमिनीचं वजन चौरस मीटरला तीस-चाळीस किलो असतं, पाच इंची स्लॅबचं तीनशेच्या वर. तुमच्या चिऱ्याच्या भिंती मातीत बांधल्या आहेत की चुन्यात, पाया किती खोल आहे, हे कोणी बघितलं का? न बघता स्लॅब सुचवणाऱ्याला काम देऊ नका. आणि ‘माडी ठेवा, वर दोन इंच काँक्रीट टाकून फरशी बसवू’ असंही कोणी म्हणेल. दोन इंच काँक्रीटच चौरस मीटरला १२० किलो होतं, शिवाय खालचं लाकूड कायमचं झाकलं जातं, कुजलं तरी कळत नाही. आवाज खरोखर बंद होतो, हे मान्य आहे. पण त्या आवाजावरूनच आपल्याला आत काय चाललंय ते कळत होतं.

शांतीचं म्हणाल तर आईंना करावीशी वाटत असेल तर जरूर करा. मी बऱ्याच घरी काम संपल्यावर पूजेला जेवलो आहे. फक्त सुतार आधी बोलवा.

क्रम असा ठेवा. कड्यांची टोकं आणि तुळईचं माप, हे पुढच्या खेपेलाच, त्यासाठी कोणताही ऋतू चालतो. छपराच्या पट्ट्या पाऊस सुरू व्हायच्या आत, म्हणजे वैशाखापर्यंत कुठल्याही परिस्थितीत. फळ्यांचे स्क्रू आणि पाचरी शिमग्याच्या सुमारास, लाकूड वाळलेलं असताना, आणि तेव्हा फळ्यांमधल्या फटी दिसल्या तरी त्या तशाच राहू द्या. त्यानंतरच्या गणपतीला घर माणसांनी भरलेलं असेल तेव्हा पुन्हा चालून बघा; उरलेले आवाज तेव्हा कळतील. मला फोटो पाठवणार असाल तर माडीचा वरून काढलेला नको, भिंतीत गेलेल्या कड्यांच्या टोकांचे आणि वासा भिंतीवर टेकतो त्या जागेचे जवळून काढलेले पाठवा, शेजारी मोजपट्टी धरून.